मागचा कडा

धाकटी आली तेव्हा आत्या कंपनीच्या पँटी आखूड करत होती. खाणीच्या कॅम्पवरून मधूनमधून कपड्यांचा गठ्ठा यायचा. कंपनी सगळ्या कामगारांना एकाच मापाचे कपडे द्यायची आणि माणसं मात्र निरनिराळ्या मापांची निघायची. "खटला कंपनीशी आणि पँटीही कंपनीच्याच," असं काका म्हणायचे. त्यावर आत्याचं उत्तर ठरलेलं असायचं. "पँटी कंपनीच्या. पाय आपल्याच पोरांचे आहेत."

शिवणाची खोली रस्त्याला लागून होती. तिथे बसायला जागा कमी आणि टेकायला जास्त. काका कापड कापायच्या टेबलाला टेकून चष्मा पुसत होते. त्यांचं चष्म्यांचं दुकान असल्यामुळे असेल, पण स्वतःचा चष्मा त्यांना कधीच पुरेसा स्वच्छ वाटत नसे. वहिनी खिडकीपाशी स्टुलावर बसली होती. ती ट्रकच्या वजनकाट्यावर कामाला होती आणि तिथूनच परस्पर आली होती. काट्याच्या केबिनची किल्ली अजून गळ्यात होती. तिचे ओठ मधूनच हलत. दिवसभर आकडे सांगून तिला पुटपुटायची सवय लागली, असं घरात सगळे समजत. आणि दारात, अर्धा आत नि अर्धा बाहेर, थोरला उभा होता.

खटला सुरू झाला तेव्हा भांडले, त्यानंतर भाऊ-बहीण एका खोलीत आले नव्हते. धाकटी उंबऱ्याशीच थांबली.

"ये की आत. चावत नाही मी," थोरला म्हणाला.

"मागच्या वेळी चावला होतास."

"मागच्या वेळी तू टीव्हीवर माझ्या मालकांना चोर म्हणाली होतीस."

"चोर नाही म्हणाले. दावेदार म्हणाले."

"तुझ्या तोंडून ते तसंच ऐकू येतं."

वहिनी फिसकन हसली. थोरल्याने बायकोकडे रागाने पाहिलं, पण दारातून बाजूला झाला. त्याचा पाण्याचा टँकर बाहेर रस्त्याच्या कडेला उभा होता. कंपनीच्या कॅम्पला पाणी तोच पुरवायचा. खाण झाली तर टँकरला काम, नाही झाली तर नाही; इतकं त्याचं गणित सरळ होतं आणि त्याने ते कधी लपवलंही नव्हतं.

"बसा सगळे," धाकटी म्हणाली. "बातमी चांगली आहे. चक्क चांगली आहे. मलाच विश्वास बसत नाहीये."

ती सांगू लागली. आत्याचं मशीन चालूच राहिलं.

सरकारने मोठा डोंगर वारसास्थळ म्हणून जाहीर केला आणि कंपनीचा खाणीचा परवाना रद्द केला, तिथून हे सगळं सुरू झालं होतं. कंपनी परदेशी. तिने इथल्या कोर्टाची पायरी चढलीच नाही. दोन देशांमध्ये पूर्वी कधीतरी गुंतवणुकीचा करार झाला होता. त्याच्या आधाराने तिने सरकारला आंतरराष्ट्रीय लवादासमोर खेचलं आणि भरपाई मागितली. लवाद कुठल्याशा लांबच्या शहरात बसला. तिथे पक्ष दोनच, कंपनी आणि सरकार. ज्यांचा डोंगर, त्यांना बाहेरून एक निवेदन तेवढं देता आलं, आणि तेवढ्याचीही परवानगी गावाच्या मंडळाची वकील म्हणून धाकटीने भांडून मिळवलेली होती. कंपनीच्या तज्ज्ञाने डोंगर पायाखाली घातला होता आणि लिहिलं होतं की तिथे काहीही नाही. ना बांधकाम, ना कोरीवकाम, ना कसले अवशेष. धाकटीने उत्तर दिलं होतं की नसणारच. हे लोक डोंगरावर काही ठेवत नाहीत. नाव ठेवतात.

घरातलं माणूस गेलं की घरातल्या एका बाईने डोंगरावर जायचं आणि त्याचं नाव एकदा मोठ्याने उच्चारायचं. मग ते नाव घरात पुन्हा घ्यायचं नाही. त्यानंतर तो माणूस नुसता मामा, नुसती आजी. या घरात गेलेल्या माणसांना नाती होती, नावं नव्हती.

"आता तडजोड होतेय," धाकटी म्हणाली. "कंपनी दावा मागे घेणार. मोठा डोंगर कायमचा सोडणार, तसं लिहून देणार. परत कधी त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही."

"आणि कंपनीला काय मिळणार?" वहिनीने विचारलं. काट्यावर बसणाऱ्या माणसाला दुसरं पारडं आधी दिसतं.

"बदली जागा. खनिज तेच, वस्ती नाही, वारशाचा शिक्का नाही. त्यामुळे खाणही होणार, दादाचा टँकरही चालणार. मी म्हटलं ना, चांगली आहे."

 थोरला आत आला, गठ्ठ्यातल्या पँटी सरकवून बहिणीसाठी जागा केली, आणि म्हणाला, "एवढं शिकलीस त्याचं काहीतरी चीज झालं म्हणायचं."

"तुझ्या पाण्यावर शिकले," धाकटी म्हणाली. ते खरंही होतं. तिच्या शिक्षणाच्या दिवसांत तोच टँकर घर चालवत होता.

काकांनी चष्मा चढवला. "मला काय करायचंय ते सांग. सही का?"

"सहीच. मंडळाचा अध्यक्ष म्हणून. आपलं निवेदन लवादाने दाखल करून घेतलंय, म्हणून तडजोडीला आपली हरकत नाही असं त्यांना लेखी हवंय. संध्याकाळी सरकारी वकिलांचा फोन येईल."

"मी अध्यक्ष झालो तो दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून," काका म्हणाले. "नाहीतर मी आपला चष्मे विकणारा माणूस. सरकारचा साक्षीदार म्हणून शपथेवर बोललो त्या दिवशी माझी जीभ टाळूला चिकटली होती. पण बोललो हं. आमच्या आईने याच डोंगरावर नावं ठेवली, म्हटलं. वडिलांनी मोजणीवाल्या साहेबांना स्वतः बोट करून दाखवला होता, म्हटलं."

"छान बोललात तुम्ही. त्याच्यावर तर सगळं उभं राहिलं."

मशीन थांबलं.

"बदली जागा कुठली?" आत्याने विचारलं.

"मागचा कडा," धाकटी म्हणाली. "मोठ्या डोंगराच्या पाठीमागचा. बोडका आहे अगदी. तिथे कुणी जात नाही."

आत्याने मशीनच्या सुईखालून पँट काढली, दोरा तोडला, पँट घडी करून बाजूला ठेवली. दुसरी उचलली नाही.

"तिथे कुणी जात नाही," ती म्हणाली. "मी जाते."

*

पुढे जे बोलणं झालं ते काकांना नंतर नीट आठवेना. त्यांना आठवायचं ते एवढंच की आत्या अगदी साध्या आवाजात बोलत होती, गिऱ्हाइकाला कपडा कधी मिळेल ते सांगावं तशी, आणि आपल्याला मात्र आपल्या लहानपणाखालून कुणीतरी सतरंजी ओढून घेतंय असं वाटत होतं.

"बाहेरच्या माणसाने विचारलं की मोठा डोंगर दाखवायचा. हे आपलं पूर्वीपासूनचं आहे. खरी जागा मागचा कडा."

"पण बाबांनी साहेबांना—"

"आईने त्यांना मोठाच सांगितला होता. त्यांना तोच खरा वाटायचा. पुरुषांना सांगायचं नसतं."

"का?"

"कारण साहेब लोक पुरुषांनाच विचारतात," आत्या म्हणाली. "माहीतच नसलं की खोटं बोलावं लागत नाही. मनापासून सांगतात. तूसुद्धा किती मनापासून सांगितलंस."

काकांनी चष्मा काढला आणि पुन्हा पुसायला घेतला. "म्हणजे मी शपथेवर खोटं बोललो?"

"नाही काका," धाकटी घाईने म्हणाली. "तुम्हाला खरं वाटत होतं ते तुम्ही सांगितलंत. तो खोटेपणा नव्हे." पण तिचा चेहरा पडला होता. "आत्या, इतके दिवस मी या घरात येतेय, जातेय, कागदांचे ढीग घेऊन बसतेय. तू मला एका शब्दाने बोलली नाहीस?"

"तू विचारलंस का?"

 धाकटीने काकांना विचारलं होतं. मंडळातल्या सगळ्यांना विचारलं होतं. अभ्यासक आणले होते, त्यांनीही विचारलं होतं. आत्या त्या वेळी सगळ्यांना बसायला जागा करून देत होती. मंडळ म्हणजे पुरुषच होते, आणि ही गोष्ट इतक्या दिवसांत धाकटीला एकदाही खटकली नव्हती.

"पिढीत एकीलाच सांगायचं असतं," आत्या म्हणाली. "तेही कड्यावर नेऊन. तुलाच सांगणार होते. पण तू सुट्टीला आलीस की पुस्तकं घेऊन यायचीस. वर जाऊ या म्हटलं की परीक्षा झाल्यावर, म्हणायचीस. मग मी राहिले आपली शिवत."

 रस्त्यावरून एक रिकामा ट्रक खडखडत गेला.

"म्हणजे," थोरला हळूच म्हणाला, "सरकारने वाचवला तो डोंगर नुसता दाखवायचा. आणि खरा आता आपणच सही करून देणार."

"सही केली तर," धाकटी म्हणाली.

"नाही केली तर?"

ती वकिलासारखी बोलू लागली. तसं बोलताना तिला थोडं बरं वाटायचं. "सही केली नाही तर तडजोड मोडते आणि निकालाची वाट बघायची. कारण द्यावं लागेल. खरं कारण दिलं, तर कंपनी म्हणेल, बघा, मोठ्या डोंगरावर काही नाही असं आम्ही आधीपासून सांगतच होतो. खोट्या जागेसाठी परवाना रद्द केला, टाका भरपाई. सरकार हरेल. हरल्यावर सरकार आपलं कशाला ऐकेल? मग मोठाही जाईल आणि कडाही."

"आणि गप्प बसलो तर?"

"मोठा राहतो. कड्यावर सुरुंग लागतात."

"मग गप्प बसू," थोरला म्हणाला. "आत्या, रागावू नकोस. पण तुझ्याशिवाय हे कुणालाच माहीत नव्हतं. अख्खं गाव मोठ्या डोंगराला मानतं. जे कुणाला माहीतच नाही ते गेलं तर कुणाचं काय गेलं?"

"माझंही तेच मत," काका म्हणाले, आणि बहिणीकडे बघायचं टाळून पुढे म्हणाले, "म्हणजे मत असं नाही. पण पुन्हा शपथेवर जाऊन 'मी म्हणालो तो हा डोंगर नव्हे' हे माझ्याने नाही व्हायचं. मला ते फाडून खातील."

आत्याने वाद घातला नाही. तिने खडू उचलला आणि टेबलावरच्या उरलेल्या कापडावर उगीच एक रेघ ओढली.

धाकटीला त्या क्षणी काय वाटलं, हे तिने पुढे कुणालाच सांगितलं नाही. तिला आयुष्यात जिंकलेला एकच खटला हातात दिसत होता.

*

 वहिनी स्टुलावरून उठली.

"म्हणजे मी कुठे जाऊन आले?" तिने विचारलं.

कुणालाच प्रश्न कळला नाही. थोरल्याला मात्र कळला आणि तो म्हणाला, "राहू दे आता."

"का राहू दे? मी विचारतेय आत्यांना. मी कुठे जाऊन आले?"

या घरात लग्न होऊन आल्यावर तिला एक मुलगी झाली होती. ती फार दिवस जगली नाही, पण नाव ठेवण्याइतकी जगली. सासू तेव्हा अंथरुणावर होती. वहिनी एकटी मोठ्या डोंगरावर चढून गेली होती, अजून अंगात नीट ताकद आली नव्हती तेव्हा.

"तुमच्या लेकी-नातींना खरा, आणि बाहेरून आलेल्या सुनांना खोटा. असंच ना?" वहिनी म्हणाली. तिचा आवाज काट्यावर चढायचा तसा चढला होता. ड्रायव्हर लोक या आवाजाला घाबरत. "मी बाहेरचीच की. साहेबांसारखी. मलाही दाखवायचा डोंगर दाखवलात."

"तसं नाही गं—"

"तसंच आहे. मग जाऊ दे तुमचा कडा. करा काका सही. माझं माणूस मोठ्या डोंगरावर आहे. तुमच्या बायकांनी वाटण्या केल्या, आता मला माझी वाटणी राखू दे. त्याला खोटा म्हणायचं नाही कुणी. आजेसासऱ्यांनी साहेबांना दाखवला तेव्हा असेल खोटा. मी जाऊन आले त्या दिवसापासून नाही."

धाकटी तिच्याकडे बघतच राहिली. दोन वर्षांत कुणा अभ्यासकाला हे इतकं सरळ सांगता आलं नव्हतं.

काकांनी खिशातून पेन काढलं. ते उघडलं मात्र नाही, थोरल्याकडे पाहिलं. थोरल्याने मान हलवली. अशा रीतीने त्या खोलीत बहुमत झालं, आणि ते आत्याच्या विरुद्ध होतं.

आत्या उठली. मशीनला वळसा घालून वहिनीपाशी गेली. दोघी उंचीने सारख्या होत्या.

"नाव घेतलंस तेव्हा परत आलं का?" तिने विचारलं.

"काय परत आलं?"

"नाव. मोठ्याने घेतल्यावर."

वहिनीचा चेहरा बदलला. राग होता तिथे दुसरंच काहीतरी आलं, आणि ते लपवायला तिला वेळ मिळाला नाही.

"सासूबाई म्हणाल्या होत्या येतं म्हणून. त्यांनीही ऐकलेलंच," ती म्हणाली. "नाव परत ऐकू आलं की समजायचं, डोंगराने घेतलं. मग सोडायचं. मी किती वेळ थांबले. पुन्हा हाक मारली. एकदाच मारायची असते, माहीत होतं मला, तरी मारली. काही नाही. वाराच नुसता. मला वाटलं, माझंच नाही घेतलं. आईच्या हातून राहिली नाही, म्हणून—" ती थांबली. "मी ते सोडलेलंच नाही. अजून घेते. काट्यावर ट्रक चढला की घेते. मनात. कधी तोंडातून येतं."

काकांनी पेन खाली ठेवलं.

"मोठ्या डोंगरावर कुणाचंच परत येत नाही," आत्या म्हणाली. "गोल आहे तो. समोर मोकळं. आवाज जातो आणि जातो. कड्याला समोर भिंत आहे. तिथे येतं."

"कुणाचंही?"

"कुणाचंही."

"सुनेने घेतलं तरी?"

"कड्याला काय कळतंय कोण सून आणि कोण लेक," आत्या म्हणाली. "हे आम्ही बायकांनीच ठरवलेलं. सांगायला हवं होतं तुला. तुझ्या सासूला माहीत नव्हतं, तीही सूनच. मला माहीत होतं. तू त्या दिवशी उतरून आलीस तेव्हा मी इथेच बसले होते, या खुर्चीत. तुझं तोंड पाहिलं मी. तरी नाही सांगितलं. एकीलाच सांगायचं म्हणून."

वहिनीने गळ्यातली किल्ली मुठीत धरली.  धाकटीला वाटलं, आता ही आत्याला काहीतरी लागट बोलणार, आणि बोलली तर तिची चूक नाही. पण वहिनी वळली ती काकांकडे.

"सही करू नका, काका," ती म्हणाली.

"अगं, तूच तर आत्ता—"

"आत्ता म्हणाले ते म्हणाले. दुसऱ्याही कुणाचं अडकलेलं असेल. गावात मी एकटीच आहे का?"

थोरला भिंतीला टेकला. "आणि टँकर?"

"टँकर आहे तो. पाणी माणसांना लागतं, कंपनीलाच लागतं असं कुठे लिहिलंय?" मग जरा खालच्या आवाजात, "मी आहे की काट्यावर. उपाशी नाही मरायचो."

 थोरला बायकोच्या हलणाऱ्या ओठांचा विचार करत होता. त्याला ते आकडे वाटायचे, असं त्याने आजवर सगळ्यांना भासवलं होतं. खरं म्हणजे त्याने ते नाव पूर्वीच ऐकलं होतं. ती केस विंचरताना, कुलूप लावताना. त्यावर काय बोलावं हे त्याला सुचलं नव्हतं, आणि न बोलता किती वर्षं गेली हेही लक्षात राहिलं नव्हतं.

*

फोन आला तेव्हा आत्या पुन्हा मशीनवर बसली होती, पण पाय चालवत नव्हती. धाकटीने फोन टेबलावर ठेवून सगळ्यांना ऐकू येईल असा केला. सरकारी वकील सभ्य माणूस होते. त्यांनी आधी सगळ्यांची विचारपूस केली आणि मग सहीचं विचारलं.

"आमची हरकत आहे," धाकटी म्हणाली.

पलीकडून प्रश्न आला. "कशाला?"

"बदली जागेला. मागचा कडाही आमचा आहे. मोठा डोंगर आहेच, आणि कडाही आहे. दोन्हीकडे नावं आहेत."

"तुमच्या निवेदनात कड्याचा उल्लेख नाही."

"नाही. आम्ही तो मुद्दाम सांगितला नव्हता. तो न सांगणं हाच त्याला जपायचा रिवाज होता." तिने आत्याकडे पाहिलं. "माझ्या निवेदनात हे नव्हतं, कारण मी चुकीच्या माणसांना विचारलं. आता पुरवणी निवेदन देते."

"बाई, जरा विचार करा. तुम्ही जिंकलेला डोंगर डावावर लावताय. कंपनी म्हणेल, आज कडा आठवला, उद्या सगळी डोंगररांग आठवेल. लवाद पुरावा मागेल. काय पुरावा आहे तिथे?"

धाकटीने फोनवर हात ठेवला. "पुरावा काय द्यायचा, आत्या? कड्याबद्दल लिहिलं तर ते कायमचं कागदावर जाईल. कुणीही वाचेल. ते परत घेता येणार नाही."

आत्याने विचार केला. तो तिने बराच वेळ केला. फोनमधून वकीलसाहेबांचा श्वास ऐकू येत होता.

"कुठे आहे ते लिही," ती म्हणाली. "परत येतं तेही लिही, ते ज्याला कान आहेत त्याला कळेलच. तिथे उभं कुठे राहायचं आणि आधी काय म्हणायचं, ते नाही सांगायचं."

"तेवढ्यावर ते मानतील असं नाही."

"मग या म्हणावं विचारायला. पण या वेळी बायकांना विचारा म्हणावं."

धाकटीने हात काढला आणि हे जवळजवळ याच शब्दांत फोनवर सांगितलं. वकीलसाहेब म्हणाले की ते कळवतील. त्यांच्या आवाजात राग नव्हता, दमणूक होती. फोन बंद झाल्यावर काका म्हणाले, "मी अध्यक्षपदाचा राजीनामा देतो. ही झाली अध्यक्ष," आणि वहिनीकडे बोट केलं. सगळे हसले, वहिनीही. मग काकांनी पुढे केलेलं पेन तिने खरंच घेतलं, तेव्हा हसणं थांबलं.

*

काट्याला सुट्टी होती त्या दिवशी थोरल्याने दोघींना टँकरमधून नेलं. आत्या मध्ये बसली, गियरला गुडघा लागू नये म्हणून पाय आवरून. धाकटीला यायचं होतं, पण आत्या म्हणाली, "एका वेळी एकच. तुझी पाळी पुढे." धाकटी घरीच पुरवणी निवेदन लिहीत बसली.

कड्याच्या पायथ्याशी गाडीरस्ता संपत होता. थोरल्याने टँकर थांबवला. दोघी उतरल्या आणि पायवाटेला लागल्या. आत्या पुढे, वहिनी मागे. आत्याने वळून हाताने खूण केली, तू ऐकायचं नाहीस अशी. त्याने मान डोलावली. कान झाकून बसणं त्याला बरं वाटेना, म्हणून त्याने टँकरचा पंप सुरू केला. त्याच्या घरघरीत दुसरं काही ऐकू येणं शक्य नव्हतं. टाकी भरलेली होती. पाणी नळीतून बाहेर पडून उतारावरून वाहू लागलं. त्याने ते वाहू दिलं.

वर दोघी ठिपक्यांएवढ्या दिसत होत्या. एक थांबली, दुसरी पुढे गेली. पुढे गेलेली किती वेळ उभी होती. मग ती खाली बसली. आत्या तिच्याजवळ गेली नाही.

त्या उतरून आल्या तेव्हा त्याने पंप बंद केला. वहिनीने चाकांशी साचलेलं पाणी पाहिलं.

"केवढं पाणी घालवलंस," ती म्हणाली.

"कंपनीचं होतं," तो म्हणाला.

वर काय झालं, हे त्याने विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. परतताना आत्या मध्येच झोपली आणि तिचं डोकं वहिनीच्या खांद्यावर आलं. वहिनीने ते तसंच राहू दिलं.

लवादाचा निकाल त्यानंतर बराच काळ आला नाही. कंपनीने कॅम्पचं पाणी दुसऱ्याला दिलं. थोरला गावातल्या बांधकामांना पाणी घालू लागला आणि जेवायला दुपारी वजनकाट्यावर जाऊ लागला. केबिनमध्ये दोघं डबा उघडून बसत. ट्रक आला की वहिनी उठून खिडकीशी जायची. ट्रक काट्यावर चढायचा, पाट्या दणदणायच्या, आकडा स्थिर व्हायची वाट बघत ती उभी राहायची. थोरला घास हातात धरून तिच्या ओठांकडे बघायचा.

ते मिटलेले असायचे. आकडा स्थिर झाला की ती तो एकदा मोठ्याने सांगायची, आणि ड्रायव्हर तो परत म्हणायचा.